केसांच्या मुळाशी जाताना

टक्कल पडलेला माणूस श्रीमंत होतो, असे आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या बायका म्हणत. माझे टक्कल पस्तिशीत सुरू झाले. श्रीमंतीची वाट मी अजून पाहतो आहे. मराठीच्या प्राध्यापकाला टक्कल शोभूनही दिसते, त्यामुळे मी या विषयाकडे कधी गांभीर्याने पाहिले नव्हते. ते पाहायला लावले माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने.

हा मुलगा चितेगावचा. छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाताना लागणारे हे गाव. एके काळी व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे त्याचे नाव टीव्हीच्या खोक्यावरून घरोघरी पोचले होते. मुलगा तिथल्याच एका वर्कशॉपात काम करतो. वय सत्तावीस. गेल्या वर्षी सहज त्याच्या घरी गेलो, तर घरातसुद्धा डोक्यावर टोपी. चहा देता देता त्याची आई म्हणाली, "सर, आता तुमीच सांगा याला कायतरी. दोन ठिकाणांहून नकार आला, तवापासून पगारातला निम्मा पैसा डोक्यावरच ओततोय."

मुलाने मुकाट्याने फळीवरच्या बाटल्या दाखवल्या. दोन तेले, एक कसलासा अर्क आणि मिनॉक्सिडिल नावाच्या औषधाची बाटली. त्याशेजारी बारीक सुयांचे एक छोटे रूळ. "हे फिरवलं की औषध आत जातं सर," तो म्हणाला. "धाकटाही हेच वापरतो." एकच रूळ दोघे भाऊ वापरतात, हे ऐकून मी हातातला कप खाली ठेवला. औषध दिवसातून दोनदा लावायचे, तर हा चार-पाचदा भरपूर ओतत होता. मधूनच छातीत धडधडते, हेही त्याने जाता जाता सांगितले.

मी त्याला माझ्या एका त्वचारोगतज्ज्ञ स्नेह्याकडे घेऊन गेलो. त्या दिवशी आणि पुढे कित्येक संध्याकाळी त्यांच्याकडून जे समजले, ते वाचकांच्याही घरी उपयोगी पडेल, असे वाटते.

पहिली गोष्ट ही की, केस गळतात म्हणजे काय होते, हे आधी ठरवावे लागते. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अवघ्या काही दिवसांत मुठीने हातात येऊ लागले. विंचूदंशावरील संशोधनामुळे सर्वांना ठाऊक असलेले महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी तेव्हा रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. असे कारण पोटातून आलेले असेल, तर टाळूला काय चोळणार? पुरुषांचे नेहमीचे टक्कल याहून निराळे. त्यात एका पुरुषी संप्रेरकाच्या प्रभावाने केसाचे मूळ वर्षानुवर्षे आक्रसत जाते, आणि जाड केसाच्या जागी लव उरते. मूळ पुरते मेलेले नसेल, तोवरच औषधाला तिथे काही काम असते.

मिनॉक्सिडिलची कथा मोठी गमतीची आहे. ते मुळात रक्तदाबावरचे औषध. अमेरिकेत अपजॉन कंपनीच्या गोळीला १९७९ साली मान्यता मिळाली. गोळ्या घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर नको तिथे केस वाढू लागले. रुग्णांना ही पीडा वाटली. पण काही डॉक्टरांच्या डोक्यात विचार आला की, हे औषध पोटात न घेता नुसते टाळूवर लावले तर? त्यातून २ टक्के औषधाचे द्रावण तयार झाले आणि १९८८ साली त्याला टकलावरचे औषध म्हणून मान्यता मिळाली.

आता खरी अडचण. "तुमची कातडी ही चामड्याची पिशवी नव्हे, किल्ला आहे," असे डॉक्टर म्हणाले. कातडीचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर साधारण मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढाही जाड नसतो. पण त्याची रचना विटा आणि चुन्यासारखी असते: पेशी या विटा, आणि मध्ये स्निग्ध पदार्थांचा चुना. पाऊस, धूळ, जंतू यांना तो बाहेर थोपवतो. मग औषधाला तरी आत कसा सोडील? ज्याच्या रेणूचे वजन ५०० डाल्टनहून अधिक, ते औषध सहसा या थरातून पार होत नाही. मिनॉक्सिडिलचे वजन २०९ च्या आसपास, म्हणजे ते अंगाने सडपातळ. तरीही टाळूवर लावलेल्या औषधापैकी सरासरी दीड टक्क्याहूनही कमी रक्तात उतरते. केसाची मुळे तीन-चार मिलिमीटर खोल असतात. तिथवर पुरेसे औषध पोचवणे हाच सगळा खटाटोप.

औषध पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून त्यात अल्कोहोल आणि प्रोपिलीन ग्लायकॉल घालतात. अल्कोहोल उडून गेले की औषधाचे स्फटिक टाळूवरच पडून राहू शकतात; खारवलेल्या भांड्याला कडेने मीठ धरते, तसे. ग्लायकॉल ते विरघळलेले ठेवते, पण कित्येकांच्या टाळूला त्याने खाज सुटते. म्हणून २००६ साली त्याच्याविना फेसाच्या रूपातले औषध निघाले.

दुसरी वाट केसाच्या मुळातूनच जाते. केस जिथून उगवतो, तिथे एक सूक्ष्म विहीरच असते. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील लाडेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या कानाच्या कातडीवर प्रयोग करून दाखवले की, अतिसूक्ष्म कणांत भरलेला रंग हलक्या हाताने चोळला, तर तो साध्या द्रावणापेक्षा या विहिरीत खोल उतरतो. आजीच्या हातच्या चंपीला निदान एवढा आधार आहे! औषध अशा सूक्ष्म कणांत किंवा स्निग्ध कुप्यांत भरून पाठवण्याचे प्रयत्न आज जगभर चालू आहेत.

आणि सुयांचे ते रूळ? त्याचा एक नावाजलेला अभ्यास आपल्या मुंबईतलाच आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. रचिता धुरत आणि सहकाऱ्यांनी १०० पुरुषांवर तो केला आणि २०१३ साली प्रसिद्ध केला. निम्म्यांना नुसते ५ टक्के मिनॉक्सिडिल. उरलेल्यांना औषध, आणि शिवाय आठवड्यातून एकदा दीड मिलिमीटर सुयांचे रूळ. बारा आठवड्यांनी मोजणीच्या जागेत पहिल्या गटात सरासरी २२, तर दुसऱ्या गटात ९१ केस वाढलेले आढळले. पण यातली खोच अशी की, रूळ फिरवल्यावर औषध लगेच लावायचे नव्हते. चोवीस तासांनी लावायचे होते. म्हणजे भोकांतून औषध ओतले, एवढाच त्याचा अर्थ नाही. जखम भरताना शरीर जे वाढीचे संकेत सोडते, त्यांचाही वाटा असावा. आणि हा सारा प्रयोग डॉक्टरांच्या हातून, निर्जंतुक साधनांनी झालेला. घरी एक रूळ दोघांनी वापरणे म्हणजे एकमेकांचे रक्त वाटून घेणे.

डॉक्टरांनी आमच्या विद्यार्थ्याला चार गोष्टी सांगितल्या. रूळ टाकून दे. औषध एका वेळी एक मिलिलिटर, दिवसातून दोनदा, कोरड्या टाळूवर. जास्त ओतल्याने केस जास्त येत नाहीत, मात्र रक्तात अधिक उतरते आणि छाती धडधडते. पहिले काही आठवडे केस उलट अधिक गळतील, भिऊ नकोस. चार महिन्यांआधी आरशाला विचारू नकोस. आणि औषध सोडलेस की काही महिन्यांत मिळवलेले जाईल, हेही लक्षात ठेव. शेवटची गोष्ट ऐकून त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे जन्मभर?" तो म्हणाला. "हवे असेल तोवर," डॉक्टर म्हणाले. "नको वाटेल त्या दिवशी सोड. टक्कल हा आजार नव्हे."

परवा पुन्हा चितेगावला गेलो. फळीवर आता एकच बाटली आहे. माथ्यावर थोडी पालवी फुटली आहे, जंगल नव्हे. धडधड थांबली. आई म्हणाली, "सर, पैसे वाचायला लागले, तेच लई झालं." त्याच दिवशी दुपारी त्याला मुलगी पाहायला जायचे होते. निघताना त्याने खुंटीवरच्या टोपीकडे एकदा पाहिले, आणि ती तिथेच राहू दिली.