किलोभर वजनाचा संगणक

संगणक विकत घेताना बहुतेक घरांत एक उफराटा हिशेब मांडला जातो. कधीतरी व्हिडिओ एडिट करावा लागेल, धाकटा एखादा गेम खेळेल, थोरला इंजिनीअरिंगला गेला तर ऑटोकॅड लागेल, अशा शक्यता मोजून अडीच किलोचे यंत्र घरी येते. मग रोज त्यावर होते काय, तर पत्रे, एक्सेलचे तक्ते, पीडीएफ, बँकेचे व्यवहार, व्हिडिओ कॉल आणि सरकारी पोर्टलवरचे अर्ज. क्वचित येणाऱ्या कामासाठी ओझे मात्र रोज वाहायचे. एक ते सव्वा किलोचा, ११ ते १४ इंची पडद्याचा छोटा लॅपटॉप या हिशेबाला सरळ करतो. सामान्य वापरणाऱ्याने आधी त्याचाच विचार करावा, आणि नागपूरकराने तर नक्कीच करावा, असे म्हणायला भक्कम कारणे आहेत.

या यंत्राची कल्पना लॅपटॉपच्या बाजारापेक्षाही जुनी आहे. अॅलन के या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने १९७२ मध्येच मुलांनी काखोटीला मारून न्यावा अशा ‘डायनाबुक’चा आराखडा मांडला होता. प्रत्यक्षात १९८१ मध्ये आलेला ‘ऑस्बोर्न १’ हा ‘पोर्टेबल’ संगणक अकरा किलोंचा होता. १९८३ चा ‘टीआरएस-८० मॉडेल १००’ मात्र सुमारे दीड किलोचा होता आणि पेन्सिल सेलवर चाले. त्याच्या पडद्यावर जेमतेम आठ ओळी मावत, तरी अमेरिकेतल्या बातमीदारांनी तो वर्षानुवर्षे वापरला, कारण बातमी लिहून टेलिफोनवरून कचेरीत धाडायला तेवढे पुरत होते. महाराष्ट्राचाही या इतिहासात एक छोटा वाटा आहे. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या निकोलस नेग्रोपाँटे यांच्या मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील एका धनगरवाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या ‘एक्सओ’ यंत्रात हार्ड डिस्क नव्हती, पण पडदा भर उन्हातही वाचता येई.

त्याच वर्षी असुसचा ‘ई पीसी ७०१’ आला: सात इंची पडदा, ५१२ एमबी रॅम, चार जीबी साठवण आणि किलोहून कमी वजन. जानेवारी २००८ मध्ये एचसीएलने भारतात ‘मायलीप’ १३,९९० रुपयांना आणला. ‘नेटबुक’ नावाची ही लाट पाचेक वर्षांत ओसरली. त्यावरून छोटा लॅपटॉप म्हणजे फसलेला प्रयोग, असा समज पक्का झाला. पण फसले ते नेमके काय, हे पाहायला हवे. पुढच्या नेटबुकांचा पडदा १०२४ बाय ६०० पिक्सेलचा असे. उंची इतकी अपुरी की अनेक खिडक्यांचे ‘ओके’ बटण पडद्याखाली जाई. अॅटम प्रोसेसर मंद होता आणि एक जीबी रॅमवर विंडोज ७ कुंथत चाले. २०१० मध्ये आयपॅड आला, पाठोपाठ पातळ अल्ट्राबुक आले आणि नेटबुकला कुणी वाली उरला नाही. आकार लहान होता म्हणून ती यंत्रे मेली नाहीत. रोजच्या कामाला लागते त्याहून कमी त्यांच्यात भरले होते म्हणून मेली. आज त्याच वजनात ८ किंवा १६ जीबी रॅम, वेगवान एसएसडी आणि फुल एचडी पडदा मिळतो. जुना आक्षेप त्यामुळे निकालात निघतो.

रोजच्या कामाचा आकार मोजून पाहिला तर तो आश्चर्य वाटावा इतका लहान निघतो. युनिकोडमध्ये देवनागरीचे एक अक्षरचिन्ह साधारणतः तीन बाइट जागा घेते. त्या हिशेबाने एक लाख शब्दांची कादंबरी निव्वळ मजकुराच्या रूपात दोन-अडीच एमबीत मावते. मोबाइलवर काढलेला एक फोटो बहुधा तेवढाच असतो. मराठी लिहायला लागणारा इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये आधीपासून असतो. आता हे काम नागपुरात कुठे कुठे चालते ते पाहावे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांतली प्रकरणे येतात. गडचिरोली किंवा बुलढाण्याहून येणाऱ्या वकिलाला शेकडो पानांच्या पीडीएफ सोबत बाळगाव्या लागतात. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन इथे भरते आणि तेवढ्या दिवसांपुरती अधिकारी, कर्मचारी व वार्ताहरांची कार्यालये मुंबईहून इथे हलतात. स्पर्धा परीक्षांची मुले दिवसभर अभ्यासिकेत बसतात, वर्धा-भंडाऱ्याहून रोज ये-जा करणारेही बरेच. यांतल्या कुणालाही प्रोसेसरची ताकद कमी पडत नाही. त्यांना अडचण होते ती वजनाची, बॅटरीची आणि प्लग पॉइंट शोधण्याची. छोट्या यंत्राचा यूएसबी-सी चार्जर मोबाइललाही चालतो आणि लाइट गेली तरी काम थांबत नाही. डेस्कटॉपला त्यासाठी वेगळा यूपीएस घ्यावा लागतो.

यावर पहिला आक्षेप असा की, एवढेच करायचे तर मोबाइल पुरतो. वाचायला, पाहायला आणि पैसे पाठवायला तो पुरतो हे खरेच. पण एका बाजूला जाहिरात आणि दुसऱ्या बाजूला अर्ज उघडून महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा, कागदपत्रे ठरलेल्या केबीत बसवायची, दहा पानांचा प्रकल्प लिहायचा, म्हटले की अंगठा थकतो. इथे कळफलक आणि दोन खिडक्या शेजारी मांडण्याची सोय लागतेच. दुसरा आक्षेप डोळ्यांचा आणि मानेचा, आणि तो अधिक वजनदार आहे. लहान पडद्यावर आठ तास वाकून बसणे वाईटच. मात्र १५.६ इंची लॅपटॉपनेही मान वाकायची थांबत नाही, कारण त्याचाही पडदा टेबलालाच चिकटलेला असतो. घरी किंवा कचेरीत २२-२४ इंची मॉनिटर आणि साधा कीबोर्ड ठेवावा व छोटा लॅपटॉप त्याला जोडावा. बसून करायच्या कामाला मोठा पडदा मिळतो आणि बाहेर पडताना ओझेही होत नाही. मोठा लॅपटॉप या दोन्ही बाबतींत अर्धवट सोय देतो.

तिसरा प्रश्न खास नागपूरचा, उन्हाचा. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावेत, असे त्यांच्या माहितीपत्रकातच लिहिलेले असते, आणि इथे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास पोचतो. बिनपंख्याची पातळ यंत्रे तापली की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात, हेही खरे. परंतु उष्णता शेवटी किती वीज जळते यावर ठरते. छोट्या यंत्राचा प्रोसेसर साधारण ६ ते १५ वॅटचा असतो आणि गेमिंग लॅपटॉपचा ४५ वॅट वा त्याहून जास्त. म्हणजे उन्हाळ्याचा मुद्दा उलट लहान यंत्राच्याच बाजूने पडतो. काळजी घ्यायची ती बॅटरीची. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेत आणि सतत शंभर टक्के चार्ज असताना लवकर म्हातारी होते. म्हणून चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवावी, दुपारी स्कूटरच्या डिकीत किंवा बंद कारमध्ये लॅपटॉप विसरू नये आणि कूलरच्या दमट झोतासमोर तो मांडू नये.

चौथा आक्षेप मात्र पूर्ण खोडता येत नाही. पातळ यंत्रात रॅम बहुधा बोर्डावरच डाखलेली असते. नंतर वाढवता येत नाही. म्हणून स्वस्ताईला भुलू नये. जुलै २०२३ मध्ये १६,४९९ रुपयांना आलेला ‘जिओबुक’ ९९० ग्रॅमचा होता, पण त्यात चार जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण होती व विंडोज नव्हते. नेटबुकची चूक नव्या कपड्यांत दिसते ती अशी. जुने घेतले तर वेगळी खबरदारी हवी. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या जवळजवळ सर्व प्रोसेसरना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. अशा यंत्रावर लिनक्स टाकायची तयारी असेल तरच ते घ्यावे. क्रोमबुक घ्यायचे तर २०२१ पासूनच्या मॉडेलना दहा वर्षे अपडेट देण्याचे गुगलने जाहीर केले आहे, पण ती मुदत मॉडेलचा मूळ हार्डवेअर-प्लॅटफॉर्म बाजारात आल्यापासून मोजली जाते, खरेदीच्या तारखेपासून नव्हे.

थ्रीडी आरेखन, व्हिडिओ संपादन किंवा मोठे गेम हेच ज्यांचे रोजचे काम, त्यांनी हा लॅपटॉप घेऊ नये. त्यांचे ओझे सकारण आहे. बाकीच्यांनी सीताबर्डीत दुकानाची पायरी चढण्याआधी गेल्या महिन्यात संगणकावर खरोखर केलेल्या कामांची यादी कागदावर लिहावी. दुकानात चार गोष्टी विचाराव्यात: रॅम आठ जीबीहून कमी नाही ना, एसएसडी बदलता येते का, चार्जिंग यूएसबी-सीवर होते का आणि चार्जर धरून वजन किती. मग त्याच कळफलकावर मराठीत चार ओळी टाइप करून पाहाव्यात. एवढ्या कसोटीला उतरणारा किलो-सव्वा किलोचा लॅपटॉप बहुतेकांना पाच-सहा वर्षे पुरेल. त्याहून जड यंत्रासाठी मोजलेले पैसे वापरात येण्याची शक्यता कमीच.