अर्धच्छेद ते लॉग : वऱ्हाडातून दिसणारा एक आलेख

१९४२ साली अमरावतीहून ‘षट्खंडागमा’चा चौथा खंड बाहेर पडला. या जैन ग्रंथावर वीरसेनाचार्यांनी नवव्या शतकाच्या सुरुवातीला ‘धवला’ ही टीका लिहिली होती. तिचं संपादन करत होते अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हीरालाल जैन. धवलेतल्या गणितावर लखनौचे गणिती अवधेश नारायण सिंह यांनी लिहिलेला लेखही याच खंडात आला. अकरावी-बारावीत लॉगचं नाव काढताच बिचकणाऱ्या बार्शीटाकळी-अकोल्याच्या पोरांना या विषयाचं सर्वांत सोपं दार तिथे सापडेल.

ते दार म्हणजे ‘अर्धच्छेद’. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, ते मोजायचं. ३२ चे १६, ८, ४, २, १ : पाच अर्धच्छेद. आज आपण याला २ या पायाचा लॉग म्हणतो. ८ चे अर्धच्छेद तीन, ३२ चे पाच. दोघांचा गुणाकार २५६, त्याचे आठ. गुणाकाराची बेरीज होते, भागाकाराची वजाबाकी, हे नियम धवलेत आहेत. तीनने आणि चारने भागत जाणारे त्रिकच्छेद व चतुर्थच्छेदही आहेत. खगोलशास्त्रातली किचकट आकडेमोड हलकी करणारी नेपियरची लॉगची कोष्टकं १६१४ साली आली आणि ब्रिग्जने १० हा पाया घेतला. बोर्डाच्या फिजिक्सच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. ते याच घराण्यातलं.

आता उलट जाऊ, दुप्पट करत. क्ष ला -२, -१, ०, १, २, ३ घ्या. २ चा क्ष घात ०.२५, ०.५, १, २, ४, ८ असा येतो. आलेख डावीकडे क्ष-अक्षाच्या जवळ जातो, पण त्याला कधीच टेकत नाही. प्रत्येक बिंदूतल्या दोन संख्यांची अदलाबदल केली की लॉगचा आलेख तयार. म्हणून तो शून्याच्या उजवीकडेच राहतो; शून्याचा किंवा ऋण संख्येचा लॉग मागायचाच नाही.

कॅल्क्युलस इथे एकच प्रश्न विचारतं : चढ किती? क्ष = ० पाशी २ च्या घाताचा चढ ०.६९३, ३ च्या घाताचा १.०९९. मग चढ नेमका १ देणारा पाया दोघांच्या मध्ये असणार. तोच ई, २.७१८२८… याच्या आलेखाचा चढ प्रत्येक ठिकाणी स्वतःच्या उंचीइतका असतो. उंची ७.३९ तर चढही ७.३९. अदलाबदल केल्यावर चढाचाही व्यस्त होतो, म्हणून नैसर्गिक लॉगचा, म्हणजे ई या पायाच्या लॉगचा, डेरिव्हेटिव्ह (चढ) १ भागिले क्ष. एक सेंटीमीटर एकक धरून ई चा दहावा घात काढायला गेलात, तर कागद सुमारे २२० मीटर उंच लागेल. लॉगचा आलेख मात्र तेवढंच अंतर आडवं चालून जेमतेम १० सेंटीमीटर वर चढतो.

बार्शीटाकळीच्या कालिका देवीच्या मंदिरात शके १०९८ चा शिलालेख आहे, म्हणजे साधारण साडेआठशे वर्षांपूर्वीचा. दगडावर साल कोरलेलं असलं की गणित लागत नाही, आणि दगडाला कार्बनची कसोटीही लागत नाही. पण त्याच काळी तोडलेलं लाकूड मिळालं असं समजा. कार्बन-१४ दर ५७३० वर्षांनी निम्मा होतो. त्या लाकडात तो आज सुमारे ९० टक्के उरलेला असेल. उरलेल्या भागावरून वय काढायचं, तर किती ‘निम्मे’ झाले ते विचारावं लागतं. उत्तर येतं सुमारे ०.१५. वीरसेनांचा अर्धच्छेद इथे अपूर्णांकात उतरतो, आणि ही अपूर्णांकाची सोय लॉग करून देतो.

शिकवताना नियम आधी आणि आलेख शेवटी आला, की घोकंपट्टी वाढते. क्रम फिरवावा : आधी निम्मे-दुप्पट, मग आलेख, मग चढ, शेवटी सूत्र. परीक्षेतली नेहमीची चूक घ्या. क्ष च्या वर्गाचा नियम २ च्या क्ष घाताला लावून ‘क्ष गुणिले २ चा क्ष-१ घात’ असा डेरिव्हेटिव्ह लिहिला जातो. क्ष = ० ठेवलं तर हे उत्तर चढ शून्य सांगतं; वहीतला आलेख मात्र तिथे सरळसरळ चढताना दिसतो. ज्याने आलेख स्वतः काढलाय, त्याला ही चूक दुसऱ्या कुणी दाखवायला लागत नाही.