बंदूक तिरकी झाली की नेम किती चुकतो? डार्ट, बिबट्या आणि साईन थीटा

जुन्नर वन विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात. इथल्या उसात बिबटे राहतात, हे नवीन नाही. वस्तीत अडकलेल्या बिबट्याला कधी कधी डार्ट मारून बेशुद्ध करावं लागतं. डार्ट मांडीच्या किंवा खांद्याच्या स्नायूत बसायला हवा. पोटात किंवा छातीत गेला, तर जनावर दगावू शकतं. म्हणजे इथे दहा सेंटिमीटरची चूकही महागात पडते.

आता भौतिकशास्त्र बघू. डार्ट असो वा गोळी, नळीतून सुटल्यापासून ती खाली येत जाते. तेवढी घसरण भरून काढायला नळी नेमाच्या रेषेपेक्षा किंचित वर रोखलेली असते. बंदूक सरळ धरली, तर ही भरपाई बरोबर वरच्या दिशेला होते. पण बंदूक उजवीकडे कलली की भरपाईही उजवीकडे कलते. गुरुत्वाकर्षण मात्र सरळ खालीच ओढतं! म्हणून डार्ट उजवीकडे आणि थोडा खाली लागतो.

ज्या अंतरासाठी नेम जुळवलाय, त्या अंतरावर हिशोब सोपा आहे:

आडवी चूक = घसरण × साईन (कललेला कोन)

डार्टचा वेग सेकंदाला ६० मीटर धरू आणि हवेचा विरोध सोडून देऊ. ३० मीटरला अर्धा सेकंद लागतो, घसरण साधारण १२२ सेंमी. बंदूक फक्त ५ अंश कलली, तर आडवी चूक १०.७ सेंमी! उंचीतला फरक मात्र जेमतेम अर्धा सेंमी. तोच नेम १५ मीटरसाठी जुळवला असता, तर आडवी चूक २.७ सेंमी झाली असती. अंतर निम्मं, चूक एक चतुर्थांश.

आता ५० मीटर रायफलचं उदाहरण घ्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये याच रायफलच्या थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं. गोळीचा वेग सेकंदाला ३३० मीटर धरला, तर घसरण साधारण ११ सेंमी येते आणि ५ अंशांना चूक १ सेंमीच्या आसपास. पण दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यासच १०.४ मिमी आहे, त्यामुळे दहा हुकतो. अनेक नेमबाज रायफल मुद्दाम थोडी तिरकी धरतात. त्याने बिघडत नाही, कारण नेम त्याच कोनात जुळवलेला असतो. घात होतो तो कोन दर वेळी बदलला की.

म्हणजे ३० मीटरवरचा डार्ट हा ५० मीटरवरच्या गोळीपेक्षा दहापट ‘लांब पल्ल्याचा’ आहे. पल्ला मीटरमध्ये नाही, घसरणीत मोजायचा.

डिंभे-भीमाशंकरकडच्या उतारांवर आणखी एक गोची होते. समोर तिरका बांध किंवा डोंगरउतार असला की डोळा त्यालाच आडवी रेषा धरतो आणि हात नकळत बंदूक कलवतो. उपाय साधा आहे: गवंडी वापरतात तसली छोटी स्पिरिट लेव्हल बंदुकीवर बसवायची.

संशोधनाची तयारी करताना हीच सवय लावा. सगळ्यांना दिसणारी राशी कोणती आणि चूक खरोखर ठरवणारी कोणती, हे आधी वेगळं करा. सरावासाठी डार्टचा वेग ८० घेऊन ३० मीटरचं गणित करा. ५ अंशांना उत्तर ६ सेंमीच्या आसपास यायला हवं.