सातपुड्याने ओढलेला ओळंबा

जळगाव जामोदहून उत्तरेकडे पाहिलं की सातपुडा एकदम वर उठलेला दिसतो. पायथ्याला पूर्णेचं काळ्या मातीचं सपाट खोरं, आणि त्यातून थेट डोंगर. हीच रांग पूर्वेला अचलपूरच्या डोक्यावर गाविलगड म्हणून उभी आहे. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज अधिकाऱ्याने या रांगेवर रीतसर आरोप ठेवला, की हा डोंगर आमच्या यंत्राचा ओळंबा आपल्याकडे ओढतो. अधिकाऱ्याचं नाव जॉर्ज एव्हरेस्ट आणि यंत्राचं नाव झेनिथ सेक्टर.

ताऱ्यांवरून जागा ओळखायची विद्या आपण खलाशांची समजतो, आणि ते खरंही आहे. खलाशाच्या हातातला सेक्स्टंट दोन छोट्या आरशांच्या मदतीने सूर्य किंवा तारा खाली आणून क्षितिजावर टेकवतो आणि त्या दोहोंमधला कोन कमानीवर दाखवतो. जॉन हॅडलीने १७३१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ही दुहेरी परावर्तनाची युक्ती मांडली. तिची खुबी अशी, की जहाज हललं तरी तारा आणि क्षितिज एकत्रच हलतात, मोजलेला कोन बिघडत नाही. अक्षांशात एका कलेची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची, चूक झाली तर समुद्रावर जवळजवळ १,८५२ मीटरचा, म्हणजे एका सागरी मैलाचा फरक पडतो. खलाशी तेवढ्यावर भागवतो. पुढे किनारा दिसला की चूक कळतेच.

वऱ्हाडात समुद्र नाही, त्यामुळे सरळ क्षितिजही नाही. डोंगर, झाडं आणि गावाचा धूर क्षितिज खाऊन टाकतात. शिवाय जमीन मोजणाऱ्या सर्वेक्षकाला कला पुरत नव्हत्या, त्याला विकला, म्हणजे कलेचे साठावे भाग, हवे होते. अक्षांशाची एक विकला म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर. म्हणून झेनिथ सेक्टर क्षितिजाकडे पाहतच नाही. लांब दुर्बीण जवळजवळ उभी टांगलेली, तिच्या खालच्या टोकाशी अंशांकित कमान आणि समोरून लोंबणारी ओळंब्याची बारीक तार. डोक्यावरून, म्हणजे खस्वस्तिकाजवळून, तारा जाताना दुर्बीण त्याच्याकडे वळवायची आणि तार कमानीवर कुठे पडते ते सूक्ष्मदर्शकातून वाचायचं. तारा डोक्यावर असल्याने हवेच्या अपवर्तनाची कटकट नावापुरतीच उरते. मग यंत्र अर्धं फिरवून पुन्हा मोजायचं. बसवण्यातली तिरकस चूक एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला येते, सरासरीत ती निघून जाते. यंत्राची खोड मोडण्याचा हा उपाय मला भिंगापेक्षाही जास्त हुशारीचा वाटतो.

हे यंत्र हिंदुस्थानात आलं ते चीनमधून नाकारलं जाऊन. लंडनच्या जेसी रॅम्सडेनने बनवलेला हा पाच फूट त्रिज्येचा सेक्टर मॅकार्टनीच्या शिष्टमंडळाने १७९३ मध्ये चीनच्या बादशहासाठी नेला होता. तिथे त्याचं कौतुक झालं नाही. परतीच्या वाटेवर तो इकडे आला आणि हिंदुस्थानची त्रिकोणांनी मोजणी करणाऱ्या विल्यम लॅम्बटनच्या पदरात पडला. रॅम्सडेन हा त्या काळच्या यंत्रकारांचा राजा. कमानीवर हाताने रेघा मारायचं काम त्याने अंशांकनाच्या यंत्राकडे सोपवलं, आणि १७७७ मध्ये इंग्लंडच्या रेखांश मंडळाने त्याला त्याबद्दल ६१५ पौंड दिले. त्यानंतर सेक्स्टंट लहान झाले, स्वस्त झाले आणि तरीही अधिक अचूक झाले. भिंगं कितीही चांगली असोत, रेघ चुकली तर तारा चुकतो.

लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली पायारेषा मोजली आणि दक्षिणोत्तर मोजणी वर सरकवत नेली. त्याचा दुसरा सोबती म्हणजे कॅरीने बनवलेला अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे त्रिकोणांचे कोन मोजायचं यंत्र. वाटेत फ्रेंचांनी तो जहाजासकट पकडला, मॉरिशसला नेला आणि नंतर सौजन्याने मद्रासला पाठवून दिला. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळाच्या गोपुरावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि ३६ इंचांचं वर्तुळ वाकलं. लॅम्बटन तंबूत जाऊन बसला. फळीवर मूळ आकाराचं वर्तुळ आखून, पाचरी आणि स्क्रू लावून त्याने ते सहा आठवड्यांत जागेवर आणलं. पुढची मोजणी त्याच दुरुस्त वर्तुळावर झाली.

अशी ही मंडळी वऱ्हाडात पोचली. नागपूरच्या वाटेवर असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे लॅम्बटन वारला, तिथेच त्याची कबर आहे. काम एव्हरेस्टकडे आलं, आणि तोही तापाने मोडलेला. हातपाय इतके लुळे पडले होते की यंत्रापुढच्या आसनावर त्याला दोन माणसं उचलून बसवत आणि उचलून काढत. स्क्रू फिरवायला डावा हात दुसऱ्याने धरावा लागे. अशा अवस्थेत विकला मोजणाऱ्या माणसाचा तिरसटपणा थोडा माफ करावा.

एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या परिसरात कागदोपत्री टाकल खेडा म्हणून नोंदलेलं मोजणीचं ठाणं होतं. त्रिकोणांच्या साखळीने येणारा अक्षांश आणि ताऱ्यांवरून येणारा अक्षांश तिथे जुळेनात. यंत्राची चूक धरावी, तर ती यंत्र फिरवून घेतलेल्या दोन्ही बाजूंच्या वाचनात निघून गेलेली. एव्हरेस्टने १८३० मध्ये छापलेल्या अहवालात उत्तरेकडच्या पठाराच्या आकर्षणाचा हिशेब मांडला. कल्पना नवी नव्हती. नेव्हिल मॅस्कलिनने १७७४ मध्ये स्कॉटलंडच्या शिहॅलियन डोंगराच्या दोन बाजूंना तारे मोजून ओळंब्याचा एकूण ११.६ विकलांचा फरक दाखवला होता. पण तिथे डोंगर मुद्दाम निवडलेला होता. इथे तो न बोलावता हिशेबात शिरला.

मग यंत्रं सुधारायची मोहीम सुरू झाली. १८३० मध्ये एव्हरेस्ट इंग्लंडहून नवा सरंजाम घेऊन परतला, सोबत यंत्रकार हेन्री बॅरो. ट्राउटन आणि सिम्सची ताऱ्यांसाठीची मोठी वर्तुळं त्याला लवचिक वाटली, ती पुन्हा घडवावी लागली. बॅरोशी बिनसल्यावर हे काम अर्काटच्या सय्यद मीर मोहसिन यांच्याकडे आलं. शिखराला एव्हरेस्टचं नाव मिळालं, मोहसिन यांचं नाव मात्र मागेच राहिलं.

सुधारलेल्या यंत्रांनी नवाच घोळ समोर आणला. माळव्यातलं कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरजवळचं कलियाना या ठाण्यांमधलं अंतर ताऱ्यांवरून आणि त्रिकोणांवरून मोजल्यावर ५.२३६ विकलांनी, म्हणजे सुमारे १६० मीटरने, वेगळं आलं. हिमालयाचं आकर्षण असावं म्हणून कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी ते मोजलं, तर उत्तर आलं १५.८८५ विकला. तिप्पट! डोंगर दिसतो तेवढा ओढत नव्हता. १८५५ मध्ये जॉर्ज एअरीने कारण सुचवलं, की डोंगराखाली हलक्या खडकाची खोल मुळं असतात आणि त्यांच्यामुळे ओढ कमी होते. भूकवचाच्या समतोलाचा सिद्धांत इथून निघाला.

लॅम्बटन आणि एव्हरेस्टच्या मोजणीतून काढलेला १८३०चा एव्हरेस्ट लंबगोल, म्हणजे पृथ्वीच्या आकाराचं गणिती रूप, भारताच्या जुन्या स्थलदर्शक नकाशांचा पाया राहिला. २००५च्या नकाशा धोरणाने खुल्या नकाशांसाठी उपग्रहांशी जुळणारा डब्ल्यूजीएस-८४ आधार घेतला. बुलढाण्याच्या जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश मोबाइलमध्ये तसेच टाकले, तर खूण सुमारे शंभर मीटर सरकते. विहिरीची जागा शोधणाऱ्याला ते लगेच कळतं, कारण खूण बहुधा शेजाऱ्याच्या वावरात पडते.