पायाखालची रेघ

२७ मार्च १९९६ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर ‘निऑन जेनेसिस इव्हँगेलिऑन’ या मालिकेचा सव्विसावा आणि अखेरचा भाग दाखवला गेला. अवाढव्य यंत्रमानवांची झुंज पाहायला बसलेल्यांना त्यात झुंज दिसलीच नाही. दिसला तो चौदा वर्षांचा शिंजी आणि त्याच्यावर होणारा प्रश्नांचा भडिमार. मधूनच स्थिर छायाचित्रं, पेन्सिलीची कच्ची रेखाटनं. कथेचे कितीतरी धागे तसेच लोंबकळत. दिवसअखेर रोकड जुळल्याशिवाय घरी न निघालेल्या आम्हा बँकवाल्यांना हे पचायचं कसं!

पण एका प्रसंगासाठी दिग्दर्शक हिदेआकी आन्नोला सारं माफ. पडदा कोरा होतो. पांढऱ्या पोकळीत शिंजी तरंगतो. पूर्ण मोकळा, पण जाणार कुठे? मग एक आडवी रेघ उमटते. वर-खाली ठरतं, मोकळीक तेवढी कमी होते. पण पाय टेकायला जागा मिळते. डोंबिवलीला सकाळची फास्ट पकडणाऱ्यांना या जागेचं मोल मी काय सांगावं?

बापाने या पोराला बोलावून घेतलं ते यंत्र चालवायला. चालवलं तर कौतुक, नाही तर आपल्याला विचारतो कोण, ही त्याची धास्ती. ठाण्यापासून कल्याणपर्यंत क्लासच्या पाट्यांखालून दप्तर ओढत जाणारी याच वयाची मुलं पाहा. २०१९ मध्ये मालिका नेटफ्लिक्सवर आली. घरातलं मोठं नातवंड ती पाहत असेल तर ‘बंद कर ते कार्टून’ म्हणण्याआधी शेजारी बसा. शेवटी सगळे शिंजीभोवती उभे राहून टाळ्या वाजवतात, अभिनंदन करतात. त्या भागात त्याने जिंकलेलं काहीच नसतं.