घागरीतला समुद्र : मत्स्यालयासाठी मीठ कसं निवडावं?

आमच्या रामपायलीला चंदन नदी आहे, रामाचं देऊळ आहे, धानाची शेतं आहेत. समुद्र मात्र नाही. चंदनचं पाणी वैनगंगेत जातं, तिथून प्राणहिता, मग गोदावरी आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. म्हणजे आमच्याकडून समुद्राला पाणी जातं, पण समुद्राकडून आमच्याकडे काही येत नाही. अशा गावात माझ्या आतेभावाला खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय हवंय. शंभर लिटरची काचेची टाकी, आत खडक आणि केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाउनफिश. मी प्राणिशास्त्र शिकते, म्हणून फोन मला आला.

"अगं, पाण्यात मीठच टाकायचं ना? मग किराण्यातून आणतो की चार थैल्या!"

प्रश्न साधा वाटतो, पण दोन जिवांचं जगणं-मरणं त्यावर ठरतं. म्हणून सविस्तर लिहिते. मंडळातल्या आणखी कुणाला हा नाद असेल तर त्यालाही उपयोग होईल.

स्वयंपाकाचं मीठ का चालत नाही?

समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्यातले सुमारे 85 टक्के सोडियम आणि क्लोराइड, म्हणजे आपलं नेहमीचं मीठ. खरी गंमत उरलेल्या 15 टक्क्यांत आहे : मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट. मिठागरात काय होतं बघा. पाणी आटत गेलं की आधी कॅल्शियमचे क्षार खाली बसतात, मग मीठ. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम शेवटी उरलेल्या कडवट पाण्यात राहतात आणि ते पाणी काढून टाकतात. म्हणजे खायचं मीठ समुद्रातूनच येतं, पण समुद्र मागे ठेवून येतं. शिवाय त्यात आयोडीन घातलेलं असतं आणि गोळे होऊ नयेत म्हणून आणखी काहीबाही.

मत्स्यालयासाठी जे मीठ मिळतं, त्यात हे सगळे घटक मोजून परत घातलेले असतात. हे शक्य होतं, कारण समुद्राची पाककृती ठरलेली आहे. 'चॅलेंजर' जहाजानं 1872 ते 1876 या काळात जगभरच्या समुद्रांतून पाणी गोळा केलं. त्यातल्या 77 नमुन्यांचं विश्लेषण विल्यम डिटमार यांनी 1884 मध्ये प्रसिद्ध केलं. खारटपणा कुठे कमी, कुठे जास्त, पण मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास सगळीकडे सारखंच निघालं.

मग महागातलं घ्यायचं का?

इथे बरेच जण फसतात. दुकानदार विचारतो, "रीफ सॉल्ट देऊ का?" आणि आपण हो म्हणतो. रेड सी कंपनीचंच उदाहरण घ्या. तिचं एक साधं मीठ आहे आणि एक 'कोरल प्रो'. मुख्य फरक क्षारतेचा. ही क्षारता 'डीकेएच' या एककात मोजतात. समुद्रात ती 7 च्या आसपास असते, साध्या मिठात 8 च्या जवळपास, कोरल प्रोमध्ये 12 च्या आसपास. कॅल्शियमही त्यात जास्त. कारण दगडी प्रवाळ कॅल्शियम आणि कार्बोनेट पाण्यातून ओढून आपला सांगाडा बांधतं. भराभर वाढणाऱ्या प्रवाळाला जास्तीचा माल लागतो.

पण आपल्या टाकीत प्रवाळ असणार आहे का? 2001 पासून सगळी दगडी प्रवाळं, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत! म्हणजे कुणी दगडी प्रवाळाचा तुकडा विकत असेल तर तो स्वस्त आहे की महाग हा प्रश्नच उरत नाही. घ्यायचाच नाही. आणि प्रवाळ नसेल तर त्याच्यासाठी बनवलेलं मीठ कशाला? माशांना समुद्राच्या जवळ जाणारं साधं मीठ पुरतं. माझ्या मते मीठ निवडण्याचा पहिला नियम हाच : पिशवीवरचं चित्र बघू नका, टाकीत कोण राहणार ते बघा.

हिशेब आणि पाणी

मीठ एकदा घेऊन भागत नाही. लिटरला साधारण 35 ते 40 ग्रॅम लागतं, नेमका आकडा पाकिटावर असतो. शंभर लिटरला सुरुवातीला चार किलोपर्यंत. मग दर आठवड्याला दहा लिटर पाणी बदलायचं म्हटलं, तर महिन्याला साधारण दीड किलो. म्हणून वर्षभर परवडेल आणि वर्षभर मिळेल असंच मीठ घ्या. एकच मीठ सतत वापरणं हे दर महिन्याला नवं 'भारी' मीठ आणण्यापेक्षा माशांसाठी बरं.

मिठाइतकंच पाणी महत्त्वाचं. बोअरवेलचं पाणी जड असतं. त्यातला चुना मिठातल्या चुन्यात मिसळला की सगळं गणित बिघडतं. घरचा आरओ चालेल, पण हल्ली पाण्यात तांबं सोडणारे आरओ मिळतात, ते नकोत. आमच्या बालाघाट जिल्ह्याला मलाजखंडच्या तांब्याचा अभिमान आहे, आणि आत्याकडे पाणी तांब्याच्या घागरीतच असतं. आपल्याला ते चांगलं म्हणतात, पण कोळंबी, शंख, प्रवाळ यांना तांबं थोडंसुद्धा विषारी. मीठ कालवायला प्लॅस्टिकची स्वच्छ बादलीच घ्या.

कालवायची रीत अशी : आधी पाणी, मग हळूहळू मीठ. उलटं केलं तर कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन पांढरा साका बसतो. छोटा पंप लावून पाणी फिरवत ठेवा, निवळशंख झालं की रिफ्रॅक्टोमीटरनं मोजा. विशिष्ट गुरुत्व 1.025 च्या आसपास हवं. मीठ थेट टाकीत कधीच टाकू नका. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडालं तर भर गोड्या पाण्याची घाला, कारण उडतं ते फक्त पाणी, मीठ आतच राहतं. पावसाळ्यात उघडी पिशवी ओल धरते, म्हणून घट्ट झाकणाचा डबा हवाच. आणि मीठ काढण्याआधी डबा नीट हलवून घ्या, नाहीतर जड कण तळाशी राहतात.

मासेही समुद्रातून ओरबाडलेले नकोत. क्लाउनफिशची पैदास आता आपल्याकडे होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्याचं तंत्र विकसित केलं आहे. हॅचरीतले मासे टाकीतल्या जगण्याला सरावलेले असतात.

दादाला मी शेवटी एवढंच विचारलं, "दर आठवड्याला दहा लिटर पाणी कालवशील? पेरणीच्या दिवसांतसुद्धा?" तो म्हणाला, विचार करून सांगतो. मला हे उत्तर आवडलं. जमणार असेल तर साधं समुद्री मीठ आणि दोन मासे. जमणार नसेल तर गोड्या पाण्यातले मासे काय कमी देखणे असतात? त्यांना मिठाची पिशवी लागत नाही.