उपग्रहाची नजर आणि कातळाखालचे तेल

मुळशी तालुक्यातील मारुंजी परिसरात विहीर खणू जाता माती आणि मुरूम संपताच काळा कातळ लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतल्या गेलेल्या लाव्हारसाचे हे थर आज पाच लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेले आहेत. त्यांच्या पोटाखाली तेल व वायू धारण करणारे गाळाचे खडक आहेत काय, हा प्रश्न भूशास्त्राइतकाच तिजोरीचाही आहे; कारण गरजेच्या चार-पंचमांशाहून अधिक कच्चे तेल आपण परदेशांतून आणतो.

जमिनीतील धन आता आकाशातूनच दिसेल, असा भाबडा समज उपग्रहचित्रांमुळे रूढ झाला आहे. अमेरिकेचा पहिला लँडसॅट १९७२ मध्ये आणि भारताचा आयआरएस-१ए १९८८ मध्ये अवकाशात गेला, तरी त्यांच्या कॅमेऱ्यांना कातळ भेदता आला नाही. नदीचे अकस्मात वळण, डोंगरांच्या सरळ कडा, भूभागावरील लांब भेगा एवढेच ते टिपतात. खालच्या रचनेचे अनुमान माणसाला करावे लागते, आणि ते पडताळण्यास भूभौतिक मापनेच हवीत.

येथेच खरी अडचण आहे. जड बेसाल्टखाली हलका गाळ असेल तर गुरुत्वाकर्षण किंचित घटते; परंतु ग्रॅनाइटही बेसाल्टहून हलकाच! कृत्रिम भूकंपलहरी सोडाव्यात, तर लाव्ह्याच्या थरांत त्या विखुरतात. गाळातून वीज ग्रॅनाइटपेक्षा सुलभतेने वाहते, म्हणून विद्युतवाहकतेची मापने जोडीला घ्यावी लागतात. राजकोटजवळ लोधिका येथील विहिरीत कातळाखाली गाळाचे खडक मिळाले. उलट कोयनेत भूकंपाच्या अभ्यासासाठी घेतलेल्या छिद्रात ९३३ मीटर बेसाल्ट संपताच थेट ग्रॅनाइट लागला. किल्लारीस ३३८ मीटरांखाली गाळ निघाला, पण अवघा आठ मीटर.

फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबई हायला तेल लागले ते समुद्रातील भूकंपलहरी-सर्वेक्षणाच्या बळावर, हे विसरता कामा नये. उपग्रहचित्राचे मोल शोधात नसून वगळण्यात आहे. प्रचंड प्रदेशातून कोठे महागडी यंत्रे न्यावयाची नाहीत, हे ते अल्प खर्चात सुचविते. तेवढ्यावरच विहीर खोदावयास निघणे म्हणजे सार्वजनिक पैशाचा जुगार होय. उलट कोयना-किल्लारीची छिद्रे तेलासाठी नव्हती; तरीही त्यांतून निघालेले खडक तेलशोधकांच्या नकाशाशेजारी ठेवले, तर काही कोरड्या विहिरींचा खर्च नक्की वाचेल.